शोकेस फेस्टिव्हलला पहिल्यांदा जाताय? मग आधी रांगेचं गणित समजून घ्या

शोकेस फेस्टिव्हल म्हणजे नव्या कलाकारांना संगीत व्यवसायातल्या लोकांसमोर आणणारा, शहरभर चालणारा संगीत महोत्सव. तिथे गळ्यात डेलिगेट बॅज, म्हणजे परिषदेसकट सगळ्याचा पास, आला की शहरातलं प्रत्येक दार उघडेल, हा समज निघण्यापूर्वीच सोडून द्या. बॅज तुम्हाला रांगेत पुढे नेतो. आत सोडेलच याची हमी कुणी देत नाही, आणि पासच्या नियमांत हे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मला हे कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, त्याचा त्रास अजून आठवतो. म्हणून या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे.

अमेरिकेत ऑस्टिनचा साउथ बाय साउथवेस्ट १९८७ पासून चालू आहे. जर्मनीत हॅम्बुर्गचा रेपरबान आणि इंग्लंडमध्ये ब्रायटनचा द ग्रेट एस्केप, दोन्ही २००६ पासूनचे. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनचा युरोसॉनिक जानेवारीतल्या थंडीत असतो. साचा सगळीकडे साधारण एकच: दिवसा परिषद, रात्री शहरभरच्या क्लबांत, बारमध्ये, थिएटरांत, कधी चर्चमध्येसुद्धा नव्या कलाकारांचे अर्ध्या-पाऊण तासाचे सेट. ॲपमध्ये हे वेळापत्रक फार मोहात पाडतं. आठला हा, पावणेनऊला तो, साडेनऊला पलीकडच्या गल्लीत तिसरा. रात्रीत सहा-सात कलाकार सहज होतील असं वाटतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. समजा, जागा दोनशे माणसांची आहे. ज्या बँडची सगळीकडे चर्चा आहे त्याचा सेट नऊला. तुम्ही नऊला दहा मिनिटं असताना पोहोचता. पण आतले लोक सव्वाआठच्या सेटपासूनच तिथे उभे असतात, त्यांनाही नऊचाच बँड ऐकायचा असतो, त्यामुळे मधल्या वेळात कुणी हलत नाही. आगीच्या नियमांनुसार ठरलेली संख्या भरली की दारावरचा माणूस ‘एक बाहेर, एक आत’ सुरू करतो. दारात रांगा दोन, बॅजवाल्यांची आणि मनगटावर फक्त गाण्याच्या कार्यक्रमांचा पास बांधलेल्या रिस्टबँडवाल्यांची. बॅजवाल्यांना आधी सोडतात हे खरं, पण बाहेरच कुणी येत नसेल तर रांगेतला पहिला माणूसही रस्त्यावरच राहतो. वीस मिनिटं जातात. आता निघावं तर इतका वेळ फुकट, थांबावं तर पुढचा सेट हातचा जातो. शेवटी तुम्ही पळत दुसरीकडे जाता आणि तिथेही तीच रांग असते. अशी अख्खी रात्र फुटपाथवर जाऊ शकते. आतल्या गाण्याचा फक्त बेस तेवढा भिंतीतून ऐकू येतो.

उपाय एकच: ज्याला ऐकायचंय त्याच्या आधीच्या कलाकाराला जा. तो पूर्ण ऐका आणि जागा सोडू नका. एका रात्री दोन जागा पुरेत, फार तर तीन. त्याही एकमेकींपासून पाच-सात मिनिटांवरच्या निवडा. प्रत्येक जागेत किती माणसं मावतात ते आधी पाहून ठेवा. शंभराच्या तळघराला आणि हजाराच्या हॉलला एकच हिशोब लागू होत नाही. बऱ्याच कलाकारांचा त्याच आठवड्यात दुसरा सेटही असतो. दुपारी रेकॉर्डच्या दुकानात, रेडिओच्या कार्यक्रमात, किंवा ब्रायटनच्या ‘ऑल्टरनेटिव्ह एस्केप’सारख्या समांतर कार्यक्रमांत. तो शोधा, तिथे गर्दी बरीच कमी मिळते.

नावाजलेल्यांमागे धावू नका, हे माझं ठाम मत. ते पुढे दौऱ्यावर येणारच आहेत. शोकेसला जायचं ते ज्याचं नावही ऐकलेलं नाही अशा कलाकाराला चाळीस माणसांसोबत ऐकण्यासाठी. फेस्टिव्हलांसाठी कलाकार निवडणारे बुकर, एजंट, छोट्या लेबलचे, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांचे लोक त्या चाळिसांतच मागच्या भिंतीला टेकून उभे असतात. चेंजओव्हरच्या, म्हणजे एक सेट संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्याशी जितकं मोकळं बोलणं होतं तितकं परिषदेच्या लॉबीत होत नाही. तुम्ही आधीचा सेट ऐकलेला असतो, तेव्हा बोलायला विषयही असतो.

परिषदेबद्दल थोडक्यात. मोठ्या सभागृहातलं मुख्य भाषण चुकलं तरी चालेल, त्याचं रेकॉर्डिंग पुष्कळदा नंतर बघता येतं. छोट्या खोलीतली गोलमेज चर्चा आणि मेंटॉरसोबतची दहा-पंधरा मिनिटांची भेट पुन्हा मिळत नाही. त्यांची नोंदणी ॲपमध्ये उघडली की लगेच करा. जाताना एकच प्रश्न घेऊन जा, तोही नेमका. ‘पुढे काय करू?’ याला कुणाकडेच उत्तर नसतं. ‘आमचा बँड गावात दीडशे तिकिटं विकतो, दुसऱ्या शहरात पहिला कार्यक्रम कुणासोबत करावा?’ याला उत्तर मिळतं.

मेंटॉरच्या नावाखाली ‘ओळख करून देतो, एवढे पैसे द्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अगदी लांब. खरा जाणकार आधी तुमचं काम ऐकतो, दोन प्रश्न विचारतो आणि मगच नावं सुचवतो. कुणाच्या हातात पेन ड्राइव्ह कोंबणं, पार्टीत फोन कानाला लावून गाणं ऐकवणं, यानंही काही होत नाही. समोरच्यानं मागितल्यावर एक लिंक द्यावी, उघडायला लॉगिन लागणार नाही अशी.

आणि कुणाचीच ओळख नसेल तर घाबरू नका. खरंच सांगतो, तिथे एकटे आलेले पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना ओळखतात असं वाटतं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच त्या खोल्यांत तेच चेहरे दिसून मान हलवण्याइतकी ओळख झालेली असते. एखादी दुपार झोपून काढली तरी काही बिघडत नाही.

कानांची मात्र काळजी घ्या, यात सूट नाही. अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि छोट्या क्लबात स्टेजजवळ तेवढा आवाज सहज असतो. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग खिशात असू द्या. त्यांनी आवाज कमी होतो, पण गाणं गढूळ होत नाही.

परतल्यावर लगेच सगळ्यांना मेल पाठवू नका, त्या दोन दिवसांत त्यांचे इनबॉक्स तुंबलेले असतात. चार-पाच दिवस जाऊ द्या. मग कुठल्या जागी, कुठल्या सेटनंतर भेटलो होतो ते पहिल्याच ओळीत लिहा आणि एकच गोष्ट मागा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर थांबा. पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच भिंतीला टेकून उभी असतात, तेव्हा पुन्हा बोलता येतं.