1968 च्या सोलापुरातली दोन महिन्यांची लव्हस्टोरी कशी लिहायची

पहिल्यांदा मी ही गोष्ट लिहिली तेव्हा हिरो-हिरोइनीला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी सहा ते नऊ असं तीन तास बसवलं होतं. गार वारा, पाण्यात देवळाचे दिवे, सगळं मटेरियल टाकलं होतं. मामाला वाचायला दिलं कारण मामा 1968 ला वीसएक वर्षांचा होता आणि सोलापुरातच होता. त्यानं वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "तीन तास? तिची आई काय मेली होती का बे?"

तिथंच माझी कथा संपली. मग जे शिकलो ते इथं सांगतो, कारण आता बऱ्याच पोरापोरींना त्या काळातलं काहीतरी लिहायचं असतंय, शॉर्टफिल्म करायची असते, आणि सगळे माझ्यासारखंच तलावापासून सुरू करतात.

तर पहिली स्टेप. एक वही घ्या आणि प्रेमाचं काही लिहायच्या आधी भेटींचा हिशोब मांडा. कुठं भेटले, किती वाजता, किती मिनिटं, तिनं घरी काय कारण सांगितलं, आणि त्याच्या खिशात त्या वेळी किती पैसे होते. बस एवढे पाच कॉलम. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात नऊ भेटी झाल्या, जानेवारी ते मार्च, आणि सगळ्यांची बेरीज केली तर दोन तास दहा मिनिटं! दोन महिन्यांचं प्रेम आणि समोरासमोर दोन तास दहा मिनिटं. हा आकडा बघितल्यावर मला कळलं की वारा, दिवे, डायलॉग यासाठी वेळच नाहीये. जे व्हायचंय ते चालता चालता, रांगेत उभं राहून, वळून न बघता व्हायचंय.

आता हिरो. भटका तरुण म्हणलं की लोक लगेच त्याला कवी करतात नायतर दारू पाजतात. दोन्ही करू नका, निदान दोन्ही एकदम करू नका. सोलापुरात तरुण पोरगा रिकामा फिरायचा त्याला सोपं कारण होतं, तो गिरणीत बदलीवाला असायचा. बदली म्हणजे काय तर रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असला तर जॉबर म्हणजे मुकादम बोट दाखवून आत घेणार, नाहीतर घरी. म्हणजे सकाळी भोंगा व्हायच्या आधी हा माणूस कामगार असतो आणि भोंगा झाल्यावर पंधरा मिनिटांत बेकार, आणि पुढचा अख्खा दिवस त्याच्या अंगावर. घरी गेला तर बाप बघणार. म्हणून तो फिरतो. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती, पार्क मैदान, परत नवी पेठ. त्याचं भटकणं स्वभावातून नाही, गेटवरून येतं, हे एकदा पक्कं केलं की त्याच्या तोंडी मोठी मोठी वाक्यं घालायची गरजच पडत नाही.

बाप पण आयता मिळतो. जुनी मिल 1877 ची, जिच्यामुळं सोलापूर हे गिरणगाव झालं, ती तोवर बंद पडली होती, माणसं रस्त्यावर आली होती. अशा बापाचा मुलगा लक्ष्मी-विष्णू मिलच्या गेटवर बदलीला उभा राहतो. बापाला एकच ध्यास, पोरगं कायम झालं पाहिजे. हे सगळं तुम्ही एका ओळीत सांगू शकता, प्लीज फ्लॅशबॅक टाकू नका.

आणि भोंगा. घड्याळ ज्याच्या घरी नाही त्याचंही घड्याळ म्हणजे भोंगा. तुमच्या गोष्टीत कुणी "पाच वाजता भेटू" म्हणत असेल तर खोडा आणि "भोंग्यानंतर" असं लिहा.

हिरोइनीला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या, कारण तिला वेळच नाहीये. माझी हिरोइन पूर्व भागातली, तेलुगू घरातली. पूर्व भाग म्हणजे कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर ही बाजू, जिथं पद्मशाली समाज मागाच्या कामासाठी तेलंगणातून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलाय, ज्यांच्यामुळं आज तुम्ही सोलापुरी चादर म्हणता. घरात बाप मागावर, आई आणि पोरी विड्या वळतात. आता विडीचं काम नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा रोमान्स त्या कामाच्या फटीतून जाणार आहे. तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं एका मापाची कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानात चिमूट टाकून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा. हजार विड्या म्हणजे अख्खा दिवस आणि मान गेली. ही पोरगी बोलताना समोर बघणारच नाही कारण नजर पानावर आहे, बोट थांबलं की कट्टा मागं पडतो. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं "तिनं डोळे वर उचलून त्याच्याकडे पाहिलं". मामानं विचारलं, "किती विड्या बुडाल्या तेवढ्यात?" नंतर मी तिला अख्ख्या गोष्टीत फक्त दोनदा वर बघायला लावलं आणि ती दोन्ही ठिकाणं वाचणाऱ्यांना लक्षात राहिली.

ती घराबाहेर कधी पडते? तयार विड्या कारखान्यात द्यायला आणि पान-तंबाखू आणायला. तेवढंच. घर ते कारखाना हा रस्ता आणि कारखान्यातली रांग. तिथं विड्या तपासतात, खराब म्हणून काही बाजूला काढतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. 1966 ला विडी कामगारांचा कायदा झाला पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी रांगेतलं बोलणं बदलत नसतंय. माझ्या नऊपैकी पाच भेटी याच रस्त्यावर आहेत. तो सायकल हातात धरून चालतो, तासावर भाड्यानं घेतलेली, आणि ती चार पावलं पुढं, डोक्यावर टोपली. सायकलवर बसवून वगैरे न्यायचं नाही हां, 1968 ला साखर पेठेतून एकट्या पोरीला डबलसीट नेलं तर गोष्ट तिसऱ्या पानावर संपते.

भाषेचं काय करायचं हा मोठा घोळ आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच चौकात बोलतात आणि कुणालाच ते विशेष वाटत नाही, त्यामुळं तुम्हीही विशेष करू नका. ती घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्याला तेलुगू येत नाही. सगळी वाक्यं तेलुगूत लिहून मग अर्थ द्यायचा असला प्रकार केलात तर वाचक पळेल. एकच शब्द घ्या. मी 'उद्या'चा तेलुगू शब्द घेतला. तो विचारतो, परत कधी? ती पुढं बघत म्हणते, "रेपू." बदलीवाल्याला गेटवर पण रोज हेच ऐकू येतं, उद्या ये. फक्त दोघांच्या उद्यात फरक आहे, आणि हे मी कुठंही समजावून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पहिली भेट कुठं घालायची तर गड्ड्यात, डोळे झाकून. जानेवारीत संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा भरतो, पाळणे, खेळणी, भज्याचा वास, अख्खं सोलापूर आणि आजूबाजूची खेडी. वर्षातून हेच काही दिवस पोरींना मैत्रिणींबरोबर बाहेर पडायला मिळायचं आणि गर्दीत कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते विचारायला कुणाला सवड नसायची. यात्रेची गोष्ट तर माहितीच असेल, कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं. म्हणून भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, हजारो माणसं एकदम तांदूळ टाकतात. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होम, बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करून तिला नवरीसारखं नटवून अग्नीत देतात. काल लग्न, आज होम. ज्या गावाचं मोठं लग्नच एका दिवसाचं आहे तिथं दोन महिने म्हणजे भरपूर झाले की. माझी भेट अक्षतेची आहे, तिच्या हातातले तांदूळ संपलेले, हा आपल्या मुठीतले निम्मे देतो. बोलणं शून्य. चार मिनिटं, वहीत लिहिलंय.

सिनेमाचा सीन घालायचा मोह होणारच. घाला, पण भागवत टॉकीजला दोघं खांद्याला खांदा लावून बसलेत असं नको. ती बहिणी आणि शेजारणीबरोबर बायकांत बसणार, हा खाली पुढं. भेट फक्त इंटरव्हलला, शेंगदाण्याच्या पुडीवाल्याजवळ. इथंच वर्षाची गडबड होते म्हणून सांगतो, आराधना 1969 चा आहे, तुमचा हिरो 1968 च्या फेब्रुवारीत राजेश खन्नासारखी मान हलवायला लागला तर संपलं.

बाकी चुका भराभर सांगतो. टीव्ही नाही, मुंबईतच दूरदर्शन 1972 ला आलं. बेलबॉटम नाही, पॅन्ट अजून खाली निमुळती. उजनीचं पाणी नाही, उजनी धरण तेव्हा झालंच नव्हतं. रेडिओ आहे पण घरोघरी नाही, त्याला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, म्हणून बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची गीतमाला ऐकायला पोरं हॉटेलसमोर उभी राहायची, चहा न घेता जेवढं उभं राहू देतील तेवढं. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो, म्हणजे तिकडची हलकी ज्वारी, खाऊन लोक वैतागले होते, ज्वारीच्या जिल्ह्यात मिलो खायची म्हणजे विचार करा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा, त्यामुळं जानेवारीत कुणाच्याही ओट्यावर तोच विषय निघणार. आणि पैसे 1957 पासून दशमान झाले तरी माणसं चार आणे, आठ आणेच म्हणायची, म्हणून हिशोब पैशात करा आणि बोलणं आण्यात लिहा. भाव पाहिजे असतील तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, 'संचार' दैनिकाचे जुने अंक मागा आणि बातम्या सोडून जाहिराती वाचा. मी चार दुपारी घालवल्या, त्यातली एक नुसती शिंकण्यात गेली.

अजून एक, जुन्या माणसांना विचारताना "तुमचं होतं का हो कुणी?" असं कधी विचारू नका. माणूस मिटतो. काम विचारा. गेटवर किती वाजता जायचात, डब्यात काय असायचं, भाकरी मऊ का कडक, चटणी शेंगेची का लसणाची. मामाला मी विडीबद्दल विचारलंच नव्हतं, गिरणीबद्दल विचारलं होतं. तरी तो पानाची शीर कुठल्या बाजूला ठेवून वळायचं, थंडीत पान कडक होतं तेव्हा बायका काय करायच्या, हे पाऊण तास सांगत बसला. मामानं आयुष्यात विडी ओढली नाही.

शेवट. तीन खर्डे शेवटासाठीच झाले. पहिल्यात तिचे भाऊ काठ्या घेऊन आले. दुसऱ्यात ती तलावात. एका दिवाळी अंकानं तो परत पाठवला, तेव्हा राग आला होता पण बरोबर होतं त्यांचं. मग वही परत काढली आणि तारखा बघितल्या. फेब्रुवारीत त्याला गेटवर फक्त सहा दिवस काम मिळालंय असं मीच लिहिलं होतं. सहा दिवसांत सायकलचं भाडं, घरी द्यायचे पैसे, बाप, काहीच बसत नाही. मग त्याच्या ओळखीचा कुणीतरी पिंपरीला कारखान्यात लागलाय, तो म्हणतो ये. एवढंच. कुणी व्हिलन नाही. तो रात्रीच्या पॅसेंजरनं जातो. ती स्टेशनवर येत नाही कारण तिला माहीतच नाही, आणि माहीत असतं तरी दुसऱ्या दिवशीचं पान भिजवायचं होतं. इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला म्हणून पाणी आलं असं वाक्य मी लिहिलं होतं, फार आवडलं होतं मला, आणि खोडलं. तुम्हालाही सुचेल ते. खोडा.

शेवटची भेट त्याच रस्त्यावर ठेवली, अकरा मिनिटं. तो सांगणार असतो, सांगत नाही. वळणावर ती नेहमीसारखी म्हणते, रेपू. आणि तोही पहिल्यांदाच तोच शब्द परत म्हणतो.

हा खर्डा मामाला दिला. रविवारी दिला, पुढच्या रविवारी परत दिला. सगळ्या पानांत मिळून पेन्सिलीची एकच खूण होती, शेवटच्या पानावर, 'रेपू'मधला दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व केलेला. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "रेपु. एवढं लांबवत नाहीत. शेवटचा उ अर्धा तोंडातच राहतो." आणि चहा टाकायला आत गेला.