मोटरहोमच्या बाहेरच्या दिव्यांचे जुने सीलंट काढताना

प्रथम १२ व्होल्टचा पुरवठा बंद करून स्क्रू सोडवावेत. दिवा निघत नसेल तर तो ओढू नये, कारण मागची वायर तुटण्याची भीती असते. त्याऐवजी कडेने हेअर ड्रायरची ऊब देत प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून हळूहळू आत सरकवावी. धातूचे पाते फायबरग्लासच्या चकचकीत थरावर कायमचा ओरखडा पाडते. जुने सीलंट ब्युटिलचे, म्हणजे चिकट रबरासारखे असेल, तर ते चिवट तारा सोडते. त्याचाच गोळा करून टिपत राहिल्यास उरलेले उचलले जाते. सिलिकॉनच्या सीलंटने मात्र खरी परीक्षा होते, कारण त्याचा पुसटसा थर राहिला तरी नवे सीलंट धरत नाही आणि पाणी भिंतीत झिरपते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोट फिरवावे. बुळबुळीत लागल्यास पुन्हा खरवडावे. ॲसिटोन काही प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून मी ते टाळतो.