कैरीचा आंबट मसाला

आमचूर विकतचं कशाला? पाकिटातल्या पुडीला आंबटपणा असतो, वास नसतो. चैत्र लागला की बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून गावठी कैऱ्या आणायच्या, कोय कडक व्हायच्या आतल्या. आंबटढाणच हव्यात.

धुऊन कोरड्या पुसा, सालं काढा आणि वेफर्सच्या किसणीवर पातळ काप करा. सुरी घेतलीत तर स्टीलची. लोखंडी विळीवर फोडी काळ्या पडतात. गच्चीत सुती कापडावर सुट्या पसरा, वर जुनी ओढणी. संध्याकाळी आत घ्यायला विसरू नका. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात तीन-चार दिवस पुरतात. फोड वाकली तर अजून एक ऊन द्या, कट्कन मोडली पाहिजे. दमट राहिली तर मिक्सरच्या पात्याखाली चिकटून बसते, आणि पुढे बुरशी आहेच.

दळून चाळा. चार चमचे पुडीला दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा पादेलोण, चिमूटभर हिंग. तिखट मी घालत नाही, पेरूवर भुरभुरायला असंच छान लागतं. काचेच्या बरणीत भरा. उसळीत घालायचं तर मटकी शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की कडधान्य दडस राहतं.