जुना मिक्सर घरच्या स्टुडिओसाठी घेताय? या चुका टाळा

गणपती-नवरात्र आटोपलं की नाशिकमध्ये जुने साउंड मिक्सर, म्हणजे माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणारी यंत्रं, विक्रीला निघतात. साउंडवाले लग्नसराईच्या आधी नवा सेट घेतात आणि जुना कमी भावात काढून टाकतात. सिडको-सातपूरकडे घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटणारी पोरं तो उचलतात. सौदा चांगला होऊ शकतो, पण काही गोष्टी आधी बघितल्या तरच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चॅनेल (माइक किंवा वाद्य जोडायच्या जागा) मोजून मिक्सर घेणं. ‘सोळा चॅनेलचा आहे’ एवढ्यावर व्यवहार ठरतो. स्टेजवर सोळा माइकचा आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवला की काम झालं. रेकॉर्डिंगचं तसं नाही. तिथे तबला, पेटी आणि गायक वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, म्हणजे तबला जड झाला तर नंतर तेवढाच कमी करता येतो. आणि मागे यूएसबी दिसलं की हे होईलच, असं धरून चालू नका. पुष्कळ मिक्सरचं यूएसबी तयार झालेला स्टिरिओ मिक्सच कॉम्प्युटरला देतं, म्हणजे फक्त दोन ट्रॅक. यामाहाचा एमजी१०एक्सयू असाच आहे. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ आणि सिग्नेचर १२ एमटीके शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येणार नाहीत, पण पहिला दोन ट्रॅक देतो आणि दुसरा १४. तेव्हा विक्रेत्याला प्रश्न एकच विचारा: कॉम्प्युटरमध्ये एका वेळी किती वेगळे ट्रॅक जातात? आणि उत्तर आपल्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून पडताळा. एकटाच गिटार घेऊन गाणारा असाल, तर माझ्या मते मिक्सर घेऊच नका; दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारा छोटा डबा, पुरेसा आहे.

यूएसबीऐवजी फायरवायर या जुन्या पोर्टने कॉम्प्युटरला जोडायचे मिक्सर स्वस्तात मिळतात. ते पोर्ट आता नव्या लॅपटॉपवर नसतं आणि ड्रायव्हर (मिक्सर कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) मिळवतानाही नाकी नऊ येतात. त्या वाटेला जाऊ नका.

आता मिक्सर जवळून बघा. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण, त्याची टोपी हलकेच वर ओढा, ती निघते. खाली खाचेत गुलाबी पूड दिसली तर तो मिरवणुकीतला गुलाल. ही बारीक पूड फेडरच्या पट्टीवर बसते आणि मग फेडर सरकवला की आवाजात खरखर येते. यावर गंज काढायचा स्प्रे मारणं ही हमखास होणारी चूक आहे. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर आणखी धूळ धरते. मऊ ब्रश आणि फेडरसाठीच बनवलेला क्लीनर वापरा. साफ केल्यावरही एखाद्या नॉबची खरखर पुन्हा सुरू झाली, तर दोष धुळीचा नसून आतल्या कपॅसिटर नावाच्या भागातून गळणाऱ्या डीसी विजेचा असू शकतो. तो दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करून घ्या.

दुकानात मोबाइल जोडून मोठ्या स्पीकरवर गाणं वाजवून दाखवतात. आवाज दणदणीत येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण त्यातून फक्त स्टिरिओ इनपुट चालू असल्याचं कळतं; रेकॉर्डिंगचा जीव असलेल्या माइक प्रीॲम्पबद्दल, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाबद्दल, काहीच कळत नाही. म्हणून स्वतःचा माइक, केबल आणि हेडफोन घेऊन जा. एकच माइक एकेका चॅनेलला लावा, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) सारखा ठेवा आणि ऐका. केबलचं टोक सॉकेटमध्ये हळूच डावी-उजवीकडे हलवा. कटकट आली तर आतलं सोल्डर तडकलेलं असण्याची शक्यता मोठी. टेम्पोत हादरे खाल्लेल्या मिक्सरमध्ये हे नेहमी आढळतं. फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू करून मल्टिमीटरने एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटच्या १ आणि २, मग १ आणि ३ या पिनांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे ४८ च्या आसपास, म्हणजे ४४ ते ५२ व्होल्ट यायला हवेत. हे सगळं मिक्सर अर्धा तास चालू राहिल्यावर पुन्हा करा. काही दोष तापल्यावरच डोकं वर काढतात.

ॲडॉप्टर मूळचाच मागा. काही छोट्या मिक्सरना तीन पिनांचा एसी ॲडॉप्टर लागतो, त्या जागी बाजारातला कुठलाही चालत नाही. परदेशातून आलेला मिक्सर असेल तर मागे १२० व्होल्ट तर लिहिलेलं नाही ना, ते वाचा.

घरी आणल्यावर घरघर येऊ लागली की लोक लगेच मिक्सरला दोष देतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर तो बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांची अर्थिंग एकाहून जास्त वाटांनी जोडली गेल्याने येणारी घरघर. मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरणारी घरघर कमी करणारी) वापरा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत कित्येक ठिकाणी सॉकेटला अर्थिंगच नसतं, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. मिक्सरमध्ये बिघाड झाला तर माइक हातात धरलेल्या माणसाला शॉक बसू शकतो.