मांजराचं पिल्लू ट्रे सोडून गादीवर शू करतंय? या चुका टाळा, आणि आधी ती फिनेलची बाटली खाली ठेवा

गेल्या जूनमध्ये पार्किंगमधल्या स्कूटरखाली भिजून गोळा झालेलं एक पिल्लू आमच्या घरी आलं. जेमतेम दीड महिन्याचं, भुरं, ओंजळीत मावेल एवढं. नाव पडलं बारक्या. पहिल्या आठवड्यात त्यानं त्याच्या शू-शीच्या ट्रेमध्ये चार वेळा शू केली आणि बाहेर किती वेळा, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. दारातलं पायपुसणं, बाबांचा खुर्चीवरचा टॉवेल, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं, आणि शेवटी आईची कापसाची गादी. गादीच्या दिवशी घरात जे महाभारत झालं त्यात मी बारक्याच्या बाजूनं होते, पण भांडायला हातात मुद्दे नव्हते. ते पुढे सापडत गेले, बहुतेक आमच्याच चुकांमधून.

“मुद्दाम करतो मेला”

आईचं निदान हे होतं, आणि बहुतेक घरांत हेच असतं. सकाळी ओरडलो म्हणून संध्याकाळी सूड उगवला, वगैरे. मांजराच्या डोक्यात असला हिशेब नसतो. पिल्लू जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे त्याला आपलं आपण शू-शी करताही येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच ते होतं. तीन-चार आठवड्यांनी ते स्वतः करायला लागतं आणि तिथून पुढे भुसभुशीत जागा शोधणं, उकरणं, झाकणं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त “भुसभुशीत जागा” म्हणजे काय हे ते त्याच्या पंजानं ठरवतं. पंजा रुततो, ओल शोषली जाते, कोपरा आहे, कुणी बघत नाही: झालं. या चारही कसोट्यांवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं पहिल्या वर्गात पास होतं.

शू केलेल्या जागी पिल्लाचं नाक घासायचं, चापट मारायची, ही पद्धत अजून जोरात आहे. एकदा आमच्याकडेही झाली. त्यातून बारक्या एवढंच शिकला, की माणसांसमोर शू करायची नाही. पुढचे तीन दिवस घरात कुठेच ओल दिसेना. आम्ही खूश. चौथ्या दिवशी दिवाणाखालच्या ट्रंकेमागून वास आला.

फिनेल

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात आणि चूक नुसती निरुपयोगी नाही, जिवावरची आहे.

काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेले फिनॉल असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत अशी द्रव्यं ज्या रस्त्यानं निकामी करून बाहेर टाकतं, तो रस्ता मांजरात फार अरुंद असतो. पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं, मग कोपऱ्यात बसून पंजे चाटतं. फरशीवरचं पोटात जायला एवढं पुरतं. जखमेला लावायची, पाण्यात टाकली की दुधाळ होणारी जंतुनाशकंही याच जातीची. बाटलीवर फुलांचं चित्र आहे की औषधाचं, यानं फरक पडत नाही.

शेजारपाजारचे सल्ले याहून भारी असतात. डांबरगोळ्या ठेवा, कापूर ठेवा, तिखट भुरभुरा. डांबरगोळी आणि कापूर दोन्ही मांजराला विषारी. तिखट पंजावरून डोळ्यात जातं. ब्लीच तर शूवर कधीच ओतू नका. शूतल्या अमोनियाशी मिळून जो वायू सुटतो तो तुमच्याही छातीला झोंबतो. आणि अमोनियावालं क्लीनर वापरलंत तर पिल्लाच्या नाकाला तिथे नवीन पाटी लावल्यासारखं होतं: इथे करा.

शूमध्ये युरिक ॲसिड असतं. त्याचे बारीक खडे पाण्यात सहज विरघळत नाहीत. आपण साबणानं पुसतो, आपल्या नाकाला काही येत नाही, पण खडे धाग्यात अडकून बसलेले असतात. हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. म्हणूनच उन्हाळ्यात “गेला बुवा वास” म्हणून सुटकेचा श्वास घेतलेला सोफा पहिल्या पावसात परत बोलायला लागतो. पिल्लाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्याला तर तो वास कधी गेलेलाच नसतो.

यावर चालतं ते एन्झाइमवालं क्लीनर. प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. लोक ते अत्तरासारखं शिंपडतात आणि मग “काही उपयोग नाही” म्हणतात. शू जितकी खोल मुरली तितकं खोल हे पोचायला हवं. आधी जुन्या फडक्यानं दाबून ओल टिपायची (घासायचं नाही), मग डाग नीट भिजेल इतकं ओतायचं, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. त्याआधी तिथे दुसरं जंतुनाशक मारलेलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, म्हणून ती जागा आधी साध्या पाण्यानं धुऊन घ्या. हे मिळेपर्यंत व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, वाळल्यावर वर खायचा सोडा, एवढ्यावर भागतं, तात्पुरतं. आईच्या गादीचा कापूस मात्र शेवटी काढून टाकावा लागला, खोळ तेवढी वाचली.

जुने डाग सापडत नसतील तर नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च घ्या. रात्री दिवे मालवून फिरवा, शू पिवळट-हिरवट चमकते. आम्ही फिरवली आणि आईनं कपाळावर हात मारला. दाराच्या चौकटीलगत, पडद्याच्या कडेला, टीव्हीच्या टेबलाखाली. आम्हाला माहीत होत्या त्याच्या दुप्पट जागा निघाल्या.

ट्रे आपल्या सोयीचा, पिल्लाच्या नाही

आम्ही आणलेला पहिला ट्रे झाकणाचा होता, दार असलेला. दिसायला सुरेख. बारक्याला त्याचा उंबरठा चढता येत नव्हता, आणि आत एकदा केलेल्याचा वास कोंडून राहायचा. मोठं मांजर तिथे अडून बसलं तर पळायला दुसरी वाट नाही, हे आणखी. मग आईनंच माळ्यावरचं प्लास्टिकचं उथळ घमेलं काढलं. काठ चार बोटांचा. अर्ध्या तासात बारक्या त्यात.

पिल्लू मोठं झालं की जागाही मोठी लागते: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट ट्रे. दुकानातले कित्येक ट्रे याहून लहान असतात. पुढचे पाय आत, मागचे बाहेर, आणि शू नेमकी काठाबाहेर, असं होत असेल तर बिचारं ट्रेमध्येच करतंय की. दोष ट्रेचा.

किती ट्रे हवेत? मांजरं जितकी, त्यावर एक. वन बीएचकेमध्ये दोन ट्रे म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघतात. बघू देत. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही, मांजराच्या लेखी तो एकच.

जागेचं काय चुकतं? वॉशिंग मशीनशेजारी ठेवतात. पिल्लू आत असताना मशीन एकदा धडधडलं की विषय संपला. बाल्कनीत ठेवतात, पावसाचे शिंतोडे, कबुतरं, आणि रात्री बाल्कनीचं दार बंद. खाण्याच्या वाटीशेजारी ठेवतात; आपण जेवायला बसतो तिथे मोरी केली तर आपल्याला चालेल का?

रद्दी, वाळू आणि वासाचं लिटर

सुरुवातीला सगळे वर्तमानपत्र पसरतात. मीही. पिल्लू पटकन शिकतं, आणि जे शिकतं ते असं: कागद म्हणजे शूची जागा. मग रविवारची पुरवणी जमिनीवर उघडून वाचायला बसलात की ते शांतपणे येऊन संपादकीयावर कार्यक्रम उरकतं. कागदच वापरायचा असेल तर तो ट्रेमध्ये, आणि बारीक फाडून.

लिटर म्हणजे ट्रेमध्ये भरायची वाळू किंवा तसलं काही. गोळे होणारं बेंटोनाइटचं (एक प्रकारच्या चिकणमातीचं) लिटर मोठ्यांना उत्तम. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र देऊ नका. या वयात ते समोर आलेलं सगळं चाखून बघतं आणि लिटर पोटात जाऊन फुगतं. तोवर गोळे न होणारं, कागदाचं किंवा लाकडाच्या गोळ्यांचं लिटर बरं. लॅव्हेंडर-गुलाब वासाचं लिटर आपल्या नाकासाठी असतं, मांजराला बिनवासाचं आवडतं. जाडी दोन इंच पुरे, पिल्लाला त्याहून कमीही चालते. ब्रँड बदलायचा तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठवड्याभरात बदला. ऑफर दिसली म्हणून एका रात्रीत बदललंत तर पायपुसण्याची तयारी ठेवा.

बाहेरून आणलेल्या पिल्लाला मातीची सवय असते. कुंड्यांत उकरत असेल तर तो इशारा समजा. आम्ही लिटरवर मूठभर कुंडीतलीच माती टाकली आणि दर दोन दिवसांनी कमी करत नेली. तुळशीच्या कुंडीत वर गोटे पसरले, तिचाही त्रास वाचला.

दिवसातून दोनदा उपसायचं, आठवड्यातून एकदा सगळं बदलून ट्रे गरम पाणी आणि साध्या साबणानं धुवायचा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीतून येऊ शकतो, पण ताज्या शीतून नाही. त्याला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज उपसलं की धोका बराच टळतो. सातव्या महिन्यात मांजर घराबाहेर काढायची काही गरज नाही.

पहिल्या दिवशीच अख्खं घर मोकळं

एवढ्याशा जिवाला सगळा फ्लॅट दिला तर शू लागल्यावर ट्रे कुठे ते आठवेपर्यंत उशीर होतो. आधी एक खोली द्या. एका टोकाला अंथरूण आणि वाटी, दुसऱ्या टोकाला ट्रे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून दमल्यावर उचलून ट्रेमध्ये ठेवा. पंजा धरून उकरायला लावू नका, नुसतं सोडा. कोपऱ्यात गोल गोल फिरून जमीन हुंगायला लागलं की तुमच्याकडे काही सेकंद आहेत. आठवडाभर ट्रेबाहेर काही झालं नाही की दुसरी खोली उघडा.

आणि वाटीत दूध नको. मांजराला दूध हे आपल्याकडे इतकं मुरलंय की कुणाला पटत नाही, पण गाई-म्हशीचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पोटात कळ येत असताना ट्रेमध्ये बसलेलं पिल्लू ती कळ ट्रेच्याच खात्यात लिहितं.

डॉक्टरकडे जायला उशीर

सगळं नीट असूनही बाहेर होतंय, किंवा महिनोन् महिने शहाण्यासारखं वागणारं मांजर अचानक बिघडलं, तर आधी तपासणी. जोर लावतंय आणि दोन थेंब येतात, करताना ओरडतं, शूमध्ये लाली आहे, सतत खालची जागा चाटतंय: ही दुखण्याची लक्षणं. तरुण मांजरात बरेचदा जंतू सापडतच नाहीत, ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल, घरात आलेलं दुसरं मांजर, एवढं कारण पुरतं. म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, मांजराला ती एक गोळीही मारू शकते.

बोका असेल आणि शू अजिबातच होत नसेल तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. अगदी लहान पिल्लात हे क्वचित, वर्षाच्या पुढे जास्त. घरचे “बद्धकोष्ठ झालंय” म्हणत बसतात, कारण दोन्हीत मांजर सारखंच कुंथताना दिसतं.

पाच-सहा महिन्यांनंतर वेगळाच प्रकार सुरू होऊ शकतो. उभ्या उभ्या, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा. ही शू लागलेली नसते, ती हद्दीची खूण असते. ट्रे बदलून ती जात नाही. नसबंदी करा, आणि फवाऱ्याची सवय लागण्याआधी केलेली बरी. बहुतेक बोक्यांचा फवारा तिच्यानं थांबतो किंवा खूप कमी होतो. भाट्याही माजावर असताना हे करतात, हे ऐकून आईला धक्का बसला होता.

बारक्या आता वर्षाचा आहे, नसबंदी झालेला. ट्रंकेमागची जागा तो सोडेना म्हणून आम्ही हट्ट सोडला आणि घमेलंच तिथे ठेवलं. मग रोज एक वीत सरकवत बाथरूमपर्यंत न्यायचं ठरलं. दोन आठवडे छान सरकलं. चपलांच्या कपाटापाशी आल्यावर मी घाईनं एकदम तीन फूट पुढे नेलं, आणि त्याच संध्याकाळी बाबांची डावी कोल्हापुरी भिजली. घमेलं परत कपाटापाशी आलं. ते अजून तिथेच आहे, पाहुणे आले की आई वर एक टोपली झाकते आणि ते गेले की आठवणीनं काढते.