‘इन अँटिस’ ही वास्तुसंज्ञा कशी ओळखावी आणि कशी वापरावी

ग्रीक आणि रोमन मंदिरांच्या वर्णनांत ‘इन अँटिस’ हे शब्द वारंवार भेटतात, आणि भेटले की बहुतेक वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. हे टाळायला हवे, कारण मंदिराचा दर्शनी भाग कसा रचला आहे हे ही छोटीशी संज्ञा फार नेमकेपणाने सांगते. गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दारापुढे वाढवल्या की त्यांच्यामध्ये एक उथळ मंडप तयार होतो; या वाढवलेल्या भिंतीचे जाड केलेले, चौकोनी स्तंभासारखे दिसणारे टोक म्हणजे ‘अँटा’. अशा दोन अँटांच्या मधोमध आणि त्यांच्याच रेषेत स्तंभ उभे असतील, तर ते स्तंभ ‘इन अँटिस’ आहेत असे म्हणतात. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या दहा भागांच्या ग्रंथात मंदिरांचे प्रकार सांगताना हाच प्रकार सर्वांत आधी घेतला आहे.

ओळखण्याची रीत सोपी आहे आणि ती नेहमी आराखड्यावरच वापरावी, कारण समोरून काढलेल्या छायाचित्रात स्तंभ भिंतीच्या रेषेत आहेत की दोन हात पुढे आहेत हे कळत नाही. दोन्ही अँटांच्या दर्शनी पृष्ठांना जोडणारी एक सरळ रेषा आराखड्यावर काढावी. स्तंभ त्या रेषेवर, दोन अँटांच्या मध्ये पडत असतील तर रचना इन अँटिस आहे. स्तंभांची ओळ रेषेच्या पुढे असून ती अँटांनाही झाकत असेल तर ती ‘प्रोस्टाइल’ आहे. अथेन्समध्ये या दोहोंची तुलना करण्याची उत्तम सोय आहे. अगोराच्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकाच्या, कडेला असलेल्या हेफायस्टॉस देवाच्या मंदिरात बाहेरच्या स्तंभांच्या रांगेआड गाभाऱ्याच्या पुढे आणि मागे एकेक मंडप आहे, आणि दोन्ही मंडपांत दोन-दोन स्तंभ अँटांच्या मध्ये उभे आहेत. त्याच काळातील, म्हणजे इ. स. पू. 447 मध्ये बांधायला घेतलेल्या पार्थेनॉनमध्ये मात्र आतल्या मंडपाला सहा स्तंभांची ओळ असून ती अँटांच्या पुढे आहे, म्हणून तिथे ही संज्ञा लागू होत नाही.

अँटा आणि भिंतीला चिकटवलेला सपाट अर्धस्तंभ यांत गल्लत होते. अर्धस्तंभ भिंतीवर कुठेही असू शकतो, पण अँटा भिंतीच्या टोकालाच असतो. शिवाय ग्रीक कारागिरांनी अँटाला स्तंभाची नक्कल कधी मानले नाही. डोरिक, म्हणजे सर्वांत साध्या ग्रीक शैलीच्या, स्तंभावर उभ्या पन्हळी असतात आणि तो वर निमुळता होत जातो. शेजारचा अँटा सपाट असतो, त्याच्यावर पन्हळी नसतात आणि त्याचे शीर्षही स्तंभाच्या गोल, उशीसारख्या शीर्षाहून वेगळे, सरळ पट्ट्यांचे असते. या वेगळेपणाचे मूळ बहुधा जुन्या बांधकामात आहे. आरंभीच्या मंदिरांच्या भिंती कच्च्या विटांच्या असत, ऑलिंपिया येथील हेराच्या मंदिरात दगडी पायावर अशाच भिंती होत्या, आणि अशा भिंतीचे उघडे टोक ढासळू नये म्हणून त्याला लाकडी आवरणाची गरज पडे. पुढे सगळी भिंत दगडाची झाली तरी टोकाचा तो वेगळा आकार टिकून राहिला.

मध्ये बहुतेकदा दोनच स्तंभ का, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर रचनेतच आहे. दगडाची तुळई लांब अंतरावर टाकली की वजनाने खालच्या बाजूने तडकते, म्हणून रुंद मंडपाला मध्ये आधार द्यावा लागतो. एकच स्तंभ दिला तर तो नेमका दारासमोर येऊन मूर्तीचे दर्शन अडवतो, तर दोन दिल्याने आधारही मिळतो आणि मधली वाटही मोकळी राहते. विट्रुव्हियसनेही मंदिराची रुंदी वीस फुटांहून अधिक असेल तर दोन अँटांच्या मध्ये दोन स्तंभ घालावेत असे सांगितले आहे. तरीही संख्या हा या संज्ञेचा अर्थ नव्हे. अथेन्समधील इरेक्थिऑन या मंदिराच्या पश्चिम बाजूला अँटांच्या मध्ये चार स्तंभ आहेत, आणि डेल्फी या तीर्थक्षेत्रातील सिफनोस बेटवासीयांच्या कोषागारात (देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवण्याच्या छोट्या इमारतीत), जे सुमारे इ. स. पू. 525 चे आहे, स्तंभांच्या जागी दोन स्त्रीमूर्ती होत्या. त्याही इन अँटिसच म्हटल्या जातात. म्हणून संख्या वेगळी सांगावी लागते. डेल्फीचेच अथेन्सवासीयांचे कोषागार हा ‘दोन डोरिक स्तंभ, इन अँटिस’ अशा वर्णनाचा अगदी स्वच्छ नमुना आहे.

मराठीत लिहिताना या संख्येपाशीच खरा खड्डा आहे. दोन स्तंभांच्या रचनेला इंग्रजी लेखनात ‘डायस्टाइल’ म्हणतात, आणि दोन स्तंभांमध्ये तीन स्तंभव्यासांइतके अंतर ठेवण्याच्या पद्धतीला ‘डायास्टाइल’. देवनागरीत या दोहोंत एका कान्याचा फरक उरतो आणि तो छपाईत सहज हरवतो. माझ्या मते पहिल्यासाठी सरळ ‘द्विस्तंभी’ लिहावे: ‘मंदिराचा पुढचा मंडप द्विस्तंभी, इन अँटिस आहे.’ वाचक नवखा असेल तर पहिल्या उल्लेखात ‘भिंतींच्या टोकांमध्ये दोन स्तंभ असलेला’ असे स्पष्ट करून पुढे संज्ञा वापरावी.

संज्ञा नेमकी कशाला लावायची याकडेही लक्ष असावे. साध्या, भोवती स्तंभरांग नसलेल्या इमारतीचे संपूर्ण वर्णन ‘इन अँटिस मंदिर’ असे करता येते. राम्नूस येथील थेमिसचे छोटे मंदिर असेच आहे. पण चहूबाजूंनी स्तंभ असलेल्या मंदिराचा प्रकार बाहेरच्या रांगेवरून ठरतो. त्यामुळे ‘हेफायस्टॉसचे मंदिर इन अँटिस आहे’ हे विधान चूक ठरते, आणि ‘हेफायस्टॉसच्या मंदिराचे पुढचे व मागचे मंडप द्विस्तंभी, इन अँटिस आहेत’ हे बरोबर. व्याकरणाच्या दृष्टीने ‘इन अँटिस’ हे शब्द विभक्ती न लावता तसेच ठेवावेत. प्रत्यय लावायचा झाल्यास तो ‘अँटा’ला लावावा, जसे अँटाचा, अँटांमध्ये, अँटांपुढे.