तलावाच्या पाळीवर बसायचं कसं

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बर्फ पडत नाही. पण तिकडे लडाख-तिबेटातली तळी गोठायला लागली की तिथले पक्षी आमच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या काळातल्या माजी मालगुजारी तलावांवर उतरतात. त्यांना बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, आणि मुक्कामाला आदल्या रात्रीच या. नऊ वाजता गाडीतून उतरणाऱ्यांची पहाटे परतणाऱ्या थव्याची रांग हुकते.

उजाडायच्या आधी पाळ, म्हणजे तलावाचा बांध गाठा. पट्टकदंब नावाचे हंस रात्री शेतात चरतात आणि झुंजूमुंजू होताना पाण्यावर परततात. आमच्या लाखोरी डाळीच्या बांधीत, म्हणजे शेतात, सकाळी त्यांची विष्ठा दिसते. आधी धुक्यातून नुसता आवाज येतो, मग रांग. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, एवढी खूण पुरे. हिमालय ओलांडून आलेला पक्षी डोक्यावरून जातो तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवते.

जागा पूर्वेच्या काठाची धरा. ऊन पाठीशी हवं, नाहीतर समोरचं प्रत्येक बदक काळंच दिसतं. पाळीच्या माथ्यावर उभं राहू नका, आभाळावर माणूस लांबून उठून दिसतो. उतारावर मोहाच्या बुंध्याला किंवा बेशरमाच्या झुडपाला टेकून बसा. मी सासूबाईंची जुनी मातकट शाल पांघरते. पांढरा सदरा, लाल स्वेटर घरीच ठेवा.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं, हात हलला तरी चित्र फार हलत नाही आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही बरंच दिसतं.

नवख्यांनी थापट्या बदकापासून सुरुवात करावी. त्याची चोच टोकाला पळीसारखी रुंद. ती पाण्याला टेकवून चार-सहा जण एकमेकांमागे गोल फिरतात, पाणी घुसळून वर आलेलं बारीक खाद्य चोचीच्या कडेच्या कंगव्यातून गाळून घेतात. एकाच थापट्याकडे दहा मिनिटं बघा, पुढे तो चोच न दिसताही ओळखता येईल. काळा वारकरी हा पाणपक्षी तर कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावरूनच कळतो.

मोजताना एक-एक करू नका. आधी दहा मोजा, दहांचा पुंजका केवढा दिसतो ते नजरेत बसवा आणि तेवढे पुंजके मोजत जा.

जवळ जायचा मोह मात्र आवरा. दोन वर्षांपूर्वी फोटोसाठी कुणीतरी डोंगा, म्हणजे होडी, थेट थव्यात घातला. सगळे उठले आणि अंधार पडेपर्यंत परतले नाहीत. हे पक्षी दिवसा इथे विसावा घेतात, तोच आपण हिरावून घेतो. सारसाची जोडी दिसली तर आणखी जपा. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. जागेचा पत्ता मोबाईलवर पसरवू नका.

आणि जाळं टाकायला आलेल्या ढिवर भाऊंना रामराम करून विचारा, “काल पक्षी कुठं बसले होते जी?” ते बोट दाखवतील तिकडे आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, दुर्बीण नंतर लावा.